चावी कुणाची, टाकी कुणाची

मोटारसायकलच्या टाक्यांबद्दल सांगण्यासारखं काय असणार, असं मला ही नोकरी धरली तेव्हा वाटलं होतं. आता भुसावळला कुणाच्या लग्नाला गेले की जेवणं झाल्यावर बहिणी आणि वहिन्या मला कोपऱ्यात घेऊन बसतात. "हं, तुमच्या त्या टाक्यांचं सांग." मी एक सांगते, त्यातून दुसरं आठवतं, आणि वरात यायची वेळ होते. हे किस्से मी मुद्दाम गोळा केलेले नाहीत. आमच्या धंद्यात कुणाचा कुणावर विश्वास नाही, त्यामुळे ते आपोआप साचत जातात.

आधी माणसं सांगते. जयपूरला सांगानेरच्या बाजूला, कापडावर ठसे छापणाऱ्या एका कारखान्याच्या भिंतीला लागून आमचं वर्कशॉप आहे. लोक जुन्या मोटारसायकली आणून देतात आणि आम्ही त्या त्यांच्या मनासारख्या नव्यानं बांधून देतो. मालक मकरंद, मूळचा नाशिकचा. इथेच जयपुरात, झालान्याला, एका कंपनीत कॉम्प्युटरवर बसायचा, ते सोडून या धंद्यात आला. टाक्यांचं पत्र्याचं काम भंवरजी करतात, ते इथलेच. खरेदी माझ्याकडे. जुन्या टाक्या, झाकणं, पेट्रोलचे कॉक, रबरं, वॉशर, जे लागेल ते बाजारातून शोधून आणायचं.

चौथे माझे बाबा. त्यांना कुणी नेमलेलं नाही. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते, बदली होऊन जयपूरला आले आणि इथेच रिटायर झाले. सगळी नोकरी लोकांची खोकी बघण्यात गेली, त्यामुळे खोक्यावर लिहिलंय ते आत नसणारच, असं ते धरून चालतात. संध्याकाळी फिरत फिरत वर्कशॉपवर येतात, सगळ्यांवर लक्ष ठेवतात आणि माझ्याबरोबर घरी परततात.

*

मी घेतलेली पहिली टाकी शहरातल्या एका भंगारवाल्याकडची होती. "ओरिजिनल पेंट है, मैडम. एक चोट नहीं लगी आज तक," असं त्यानं सांगितलं होतं आणि मी ती मांडीवर घेऊन रिक्षानं आणली होती.

मकरंदनं ती टाकी हातात घेतली. त्यानं शर्टाच्या खिशातून एक लोहचुंबक काढलं आणि टाकीला लावलं. ते खाली पडलं. दुसऱ्या बाजूला लावलं. तिथूनही पडलं. मग भंवरजींनी स्क्रू ड्रायव्हरनं टोकरून बघितलं, तर पत्र्यावर बोटभर जाडीची पुट्टी भरलेली.

"ये टंकी नहीं है बाईसा," ते म्हणाले, "पलस्तर है."

दुसऱ्या दिवशी मी ती टाकी आणि ते लोहचुंबक घेऊन भंगारवाल्याकडे गेले. त्याच्यासमोर लावून दाखवलं. पडलं. त्यानं शांतपणे ते उचलून मला परत दिलं.

"मैडम, मई का महीना है. गर्मी में चुंबक भी ढीला पड़ जाता है."

मी तेच चुंबक त्याच्या दुकानाच्या शटरला लावलं. टक्कन चिकटलं. त्यानं शटरकडे बघितलं, वर सूर्याकडे बघितलं.

"शटर छाँव में है," तो म्हणाला.

*

त्यानंतर मी शहाणी झाले आणि प्रत्येक वस्तूचं बिल मागायला लागले. स्पेअर पार्टच्या गल्लीत एक दुकानदार आहे, त्याच्याकडे कॉकचे वॉशर चांगले मिळतात. मी वॉशर निवडले आणि पक्कं बिल द्या म्हणाले. काउंटरच्या मागे, गल्ल्याला टेकून बसलेला तो माणूस मला म्हणाला, "दुकान मेरी नहीं है. मैं तो खुद ग्राहक हूँ."

"मग मालक कुठे आहेत?"

"मैं भी उन्हीं का इंतज़ार कर रहा हूँ."

मी बाजूच्या बाकावर बसून राहिले. तोही बसून राहिला. मध्ये एक खरंखुरं गिऱ्हाईक आलं, क्लचची वायर मागू लागलं, तर यानं त्यालाही सांगितलं की दुकान माझं नाही. शेवटी मीच कंटाळून निघून आले.

पुढच्या खेपेला ठरवून गेले की बिलाचं नाव काढायचं नाही. वॉशर घेतले, पैसे दिले, पिशवी बंद केली. त्यानं माझ्याकडे रोखून बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "आज बिल नहीं माँगा. बात क्या है?"

*

मग कुलपाच्या झाकणांचा किस्सा. टाकीचं झाकण चावीनं उघडणारं असावं, ही गिऱ्हाइकांची फार हौस. मला एका घाऊकवाल्याकडे छान चकचकीत झाकणं मिळाली. प्रत्येकाची वेगळी पुडी, पुडीत प्रत्येकाची वेगळी चावी. आम्ही ती बऱ्याच गाड्यांना लावली.

त्यातली एक गाडी बँकेत काम करणाऱ्या एका मुलाची, दुसरी एका दातांच्या डॉक्टरची. दोघांनाही मिलिटरीसारखा हिरवा रंग हवा होता, तो आम्ही दिला. एका रविवारी बँकेतला मुलगा राजा पार्कच्या बाजारात गाडी लावून कचोरी खायला गेला. बाहेर येऊन बघतो तर एक दाढीवाला माणूस त्याच्या टाकीचं झाकण उघडून आत डोकावतोय. यानं त्याची कॉलर धरली. दाढीवाला, म्हणजे आमचा डॉक्टर, उलट याच्यावरच ओरडला, की माझ्या गाडीला हात लावू नकोस. चावी माझी, झाकण उघडलं, म्हणजे गाडी माझीच. लोक जमले. मग कुणीतरी दाखवलं की तशीच एक हिरवी गाडी पलीकडे कारच्या आड उभी आहे.

आता या दोघांनी एकमेकांशी भांडायला हवं होतं. पण ते तासाभरात हातात हात घालून आमच्याकडे आले. त्यांची मैत्री झाली होती आणि मैत्रीचा विषय आम्ही होतो.

"एवढंच सांगा," डॉक्टर मकरंदला म्हणाला, "तिसरी चावी तुमच्याकडे आहे का? मी म्हणतच होतो, माझी गाडी इतकं पेट्रोल का खाते."

ते गेल्यावर मकरंदनं कपाटातली उरलेली सगळी झाकणं मांडली आणि एकाच चावीनं एकामागून एक उघडली. मग त्याला चेवच आला. वर्कशॉपच्या कुलपाची चावी, टूलबॉक्सची चावी, जी सापडेल ती घालून बघायला लागला. मी गंमत म्हणून घरून आईच्या कपाटाची चावी नेली. तिनंही उघडलं.

संध्याकाळी मी हसत हसत आईला हे सांगितलं. आई पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं खाली ठेवलं.

"माझ्या चावीनं त्यांचं झाकण उघडतं, म्हणजे त्यांच्या चावीनं माझं कपाट उघडत असणार."

"आई, असं काही..."

"किती जणांना विकलीत ती झाकणं? आणि त्या लोकांना आपला पत्ता माहितेय का?"

आम्ही गिऱ्हाइकांची झाकणं बदलून दिली, ती नंतर. आईच्या कपाटाचं कुलूप त्याआधी बदललं.

*

बाजारावरचा विश्वास उडाल्यावर मी झाकणं ऑनलाइन शोधू लागले. अॅल्युमिनियमची, हातानं घडवलेली, अशी झाकणं विकणारा एकजण सापडला. म्हणाला, मी कोइम्बतूरला असतो, माझं छोटं युनिट आहे, माल कोरिअरनं पाठवतो, पैसे मात्र आधी.

बाबा म्हणाले, "झाकण त्याच्याकडे आहे कशावरून?"

म्हणून मी त्याला लिहिलं की झाकणाशेजारी आजचा पेपर ठेवून फोटो पाठवा. तो दुखावला. उलट मलाच म्हणाला, "तुम्ही खऱ्या आहात कशावरून? हल्ली बायकांच्या नावानं कोणीही मेसेज करतं. तुम्हीही फोटो पाठवा." मग मी अर्धवट बांधलेल्या गाडीसमोर हातात पेपर धरून उभी राहिले आणि मकरंदनं माझा फोटो काढला. ओलीस धरलेल्या बाईसारखी मी त्यात दिसतेय. तो अजून माझ्याकडे आहे.

थोड्या वेळानं त्याचा फोटो आला. सुंदर झाकण, शेजारी पेपर. मकरंद पैसे पाठवायला निघाला होता. बाबांनी माझा फोन मागून घेतला, चष्मा लावला आणि फोटो बोटांनी मोठा केला.

"हा पेपर हिंदी आहे."

"बाबा, कोइम्बतूरलाही हिंदी पेपर मिळत असेल की."

"मिळत असेल. पण सांगानेरला उद्या पाणी येणार नाही, हे कोइम्बतूरला छापतील का?"

मी त्या माणसाला लिहिलं, कोरिअर नको, चालत आणून द्या. तासाभरानं तो खरंच आला. आमच्या मागच्याच गल्लीत राहत होता. झाकण उत्तम निघालं, अजूनही आम्ही त्याच्याकडूनच घेतो. आणि पाण्याचंही खरं होतं, दुसऱ्या दिवशी नळ कोरडे.

*

बोरसे काका म्हणजे बाबांच्या रेल्वेतल्या मित्रांपैकी. गार्ड होते, रिटायर झाले. त्यांच्याकडे त्यांची जुनी मोटारसायकल अजून आहे आणि ती ते कुणाच्या हाती देत नाहीत. टाकी आतून गंजली होती आणि डाव्या अंगाला मोठा पोचा होता, म्हणून नाइलाजानं आमच्याकडे आले. गाडी द्यायला तयार नव्हते. टाकी उतरवून, चादरीत गुंडाळून रिक्षानं आणली.

भंवरजींनी पोचा काढला, टाकी आतून साफ केली, गंज परत धरू नये म्हणून आतून लेप दिला, रंग दिला. काका न्यायला आले तेव्हा काकूही बरोबर होत्या. काकांनी झाकण उघडलं आणि टॉर्च लावून आत बघत राहिले. बराच वेळ.

"ही माझी टाकी नाही," ते म्हणाले.

मकरंद चक्रावला. काका म्हणाले, "देण्याआधी मी तोंडाशी आतल्या बाजूला खिळ्यानं एक रेघ मारून ठेवली होती. ती नाहीये."

"काका, आत लेप दिलाय. रेघ त्याखाली गेली असणार."

"बरं. डाव्या बाजूचा पोचा कुठेय?"

"तो काढायलाच तर तुम्ही दिली होती."

"म्हणजे खुणेची रेघ गेली, पोचाही गेला," काका बाबांकडे वळून म्हणाले. "पुरावाच ठेवला नाही यांनी." आणि बाबांनी, ज्यांचं घर याच वर्कशॉपच्या पगारावर चालतं त्या माझ्या बाबांनी, मान डोलावली.

भंवरजींचा चेहरा उतरला. त्या टाकीवर त्यांनी फार मेहनत घेतली होती. मकरंद समजावत होता, काका ऐकत नव्हते. "अरे, तो पोचा मी डोळे मिटून ओळखेन," ते तावातावानं म्हणाले. "अजमेरच्या रस्त्यावर ट्रकनं दाबलं मला. गाडीसकट डाव्या अंगावर आपटलो, गुडघ्यानं टाकी अशी दबली. तो पोचा माझ्या गुडघ्याचा आहे."

काकू इतका वेळ बाकावर गप्प बसल्या होत्या.

"तुम्ही कधी पडलात?" त्यांनी विचारलं.

काका थांबले. "जुनी गोष्ट आहे."

"मला कशी माहीत नाही?"

"लागलं नव्हतं फारसं."

"अजमेरला कशाला गेला होतात गाडी घेऊन? ड्यूटीला तर रेल्वेनं जायचात." काकू उठून उभ्या राहिल्या. "आणि मागे कोण बसलं होतं?"

काकांनी टाकी उचलली, चादरीत गुंडाळली आणि छातीशी धरली.

"टाकी माझीच आहे," ते मकरंदला म्हणाले. "चल गं, रिक्षा थांबलीय."

*

आता शेवटचा सांगते. भंवरजी आजही आमच्याकडेच आहेत आणि मकरंदनं त्यांच्या घरी जाऊन माफी मागितलेली आहे, म्हणून हा सांगायला हरकत नाही.

टाकी तयार झाली की आम्ही ती आधी पाण्यानं तपासतो. मग वाळवून तीत पेट्रोल भरतो, कॉक बंद करून स्टँडवर ठेवतो आणि खाली कागद पसरतो. सकाळी कागदावर डाग नसला म्हणजे टाकी पास. मध्यंतरी असं व्हायला लागलं की सकाळी कागद कोरडा असायचा, पण पेट्रोल कमी झालेलं असायचं.

आधी मकरंदनं कॉकवर संशय घेतला. मी दोन-तीन दुकानांतून वेगवेगळे कॉक आणले. तरी तेच. मग त्यानं माझ्या कॉकवरचा संशय काढून माणसांवर घेतला. वर्कशॉपची चावी त्याच्याकडे आणि भंवरजींकडे. भंवरजी लांबच्या गावाहून रोज मोटारसायकलनं येतात.

"एवढं अंतर रोज येतात-जातात," मकरंद मला म्हणाला, "कधी पंपावर थांबलेलं पाहिलंस तू त्यांना?"

"मी पंपावर उभी नसते, मकरंद."

बाबा म्हणाले, "मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. आत कुणीतरी चोर आहे."

भंवरजींना कुणी काही बोललं नाही, पण त्यांना कळलं. मकरंद आधी त्यांच्याशेजारी बसून चहा प्यायचा, तो आता फोनवर बोलत उभा राहायचा. मग भंवरजीही आपला ग्लास घेऊन बाहेर, कारखान्याच्या वाळत घातलेल्या कापडांच्या सावलीत जाऊन बसायला लागले. एक दिवस मी बघितलं, तर ते आपल्या हातोड्या एकेक पुसून पिशवीत भरत होते. त्या हातोड्या कायम भिंतीवर टांगलेल्या असायच्या.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"अभी तो कहीं नहीं, बाईसा. पर मौसेरे भाई का गैराज है, बुला रहा है." पिशवीचं तोंड बांधून म्हणाले, "वहाँ कोई मेरे जाने के बाद टंकी नहीं नापता."

मला वाईट वाटलं. मी मकरंदला म्हणाले, सरळ विचार त्यांना.

"विचारलं आणि ते नाही म्हणाले तर?"

"तर विश्वास ठेव."

"आणि हो म्हणाले तर? टाक्या कोण करणार?"

त्यापेक्षा त्याला दुसरी युक्ती सुचली. त्यानं स्टँडवरच्या टाकीत पाणी भरलं आणि वासापुरतं वर थोडं पेट्रोल ओतलं. पाणी तळाशी राहतं, कॉक उघडला की आधी पाणीच बाहेर येणार. "ज्याची गाडी बंद पडेल तो," मकरंद म्हणाला. हे फक्त मला सांगितलं. मला पटलं नव्हतं आणि मी तसं त्याला तोंडावर सांगितलं, पण त्याचं ठरलं होतं. चोराला मोकळीक मिळावी म्हणून तो त्या दिवशी लवकर निघूनही गेला.

संध्याकाळी मी पुढच्या खोलीत बसून दुकानदारांना फोन करत होते. बाबा नेहमीप्रमाणे आले, आत एक चक्कर मारून आले, माझी स्कूटी वळवून दारात लावून ठेवली. भंवरजी मागच्या नळावर हात-पाय धूत होते. आम्ही निघालो. मी सारखा भंवरजींचाच विचार करत होते. उद्या त्यांची गाडी खरंच बंद पडली तर काय, आणि नाही पडली तर काय.

विमानतळाच्या वळणापुढे आलो आणि माझीच स्कूटी आचके देऊन थांबली.

मी बटण दाबलं, किका मारल्या. काही नाही. बाबा मागून उतरले. तेवढ्यात भंवरजींची मोटारसायकल येऊन थांबली. आमच्याशी बोलणं कमी केलं होतं, पण रस्त्यात बघून पुढे जाणारे ते नव्हेत.

"पेट्रोल है?" त्यांनी विचारलं.

"पेट्रोल आत्ताच भरलंय," बाबा म्हणाले.

"कुठे भरलंत, बाबा?" मी विचारलं.

"अगं, तुमच्या त्या स्टँडवरच्या टाकीतनं. कॉकला नळी लावून, डब्यात घेऊन. रोज भरतो." माझ्याकडे बघून ते वैतागले. "अशी काय बघतेस? टेस्टिंगचं पेट्रोल ते, सकाळी तुम्ही ओतूनच टाकता ना? शेजारी कापडाचा कारखाना. टाकीभर पेट्रोल असं ठेवून जाणं बरं नाही, म्हणून मी थोडं कमी करतो. गेल्या महिन्याभरात तुला पंपावर जावं लागलंय का?"

मी आठवून बघितलं. नव्हतं लागलं. बाबा सकाळी दुधाला स्कूटी नेतात तेव्हा भरून आणत असतील, असं मी धरून चालले होते.

एवढ्या वर्षांत भंवरजींना मराठी सगळी कळायला लागली आहे. खाली बसून त्यांनी स्कूटीची नळी सोडली आणि आतलं तळहातावर घेतलं. वास घेतला. दोन बोटांत चोळून बघितलं. मग मान वर न करता मला हळूच विचारलं, "मकरंदजी ने डाला?"

"हो."

"मेरे लिए?"

मी मान डोलावली.

"काय आहे? काय निघालं?" बाबा मध्ये वाकले.

"पाणी आहे, बाबा."

"पाणी?" बाबांनी माझ्याकडे बघितलं, भंवरजींच्या तळहाताकडे बघितलं. ते संतापले. भंवरजींना नीट कळावं म्हणून ते आपल्या रेल्वेच्या हिंदीत वळले. "पेट्रोल में पानी मिलाता है? भंवरजी, मैं पहले दिन से बोल रहा हूँ, उधर अंदर कोई तो चोर है."

भंवरजींनी तळहात पँटला पुसला आणि उभे राहिले.

"हाँ बाबूजी," ते म्हणाले, "अब तो मुझे भी लगता है."